अ‍ॅक्सेसमधून पोस्टग्रेसमध्ये जाताना टेबलांची नाती तुटली. पाटीलआजोबांच्या नावावर 'बाळाचे पहिले वर्ष' कसं काय?

दौत_टाक
नमस्कार मंडळी. मी पेशाने वाणिज्य शाखेची शिक्षिका आहे, संगणकवाली नाही. आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात शनिवार-रविवारी मदत करते. तिथे २००४ सालापासून एक अ‍ॅक्सेसची फाईल (म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या छोट्या डेटाबेसची) चालू आहे. ज्या मुलाने ती बांधली तो कधीच पुण्याला गेला. संगणक आता शेवटच्या घटका मोजतोय, म्हणून सगळा डेटा पोस्टग्रेस या मोफत डेटाबेसमध्ये न्यायचं मी अंगावर घेतलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

सात टेबलं आहेत: लेखक, प्रकाशक, पुस्तकं, गावं, सभासद, देवघेव, वर्गणी. अ‍ॅक्सेसच्या रिलेशनशिपच्या खिडकीत त्यांच्यामध्ये सात रेषा काढलेल्या आहेत. मी एकेक टेबल सीएसव्हीत (रकान्यांमध्ये स्वल्पविराम असलेली साधी मजकुराची फाईल) काढलं, पोस्टग्रेसमध्ये तसंच टेबल केलं, डेटा भरला. एकही एरर नाही. ओळी मोजल्या, देवघेव ६१ हजार इकडे तेवढ्याच तिकडे. मी खूश.

मग थकीत पुस्तकांची यादी छापून ग्रंथपालबाईंना दिली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, पाटीलआजोबा ऐंशी वर्षांचे आहेत. ते बाळसंगोपनाचं पुस्तक कशाला नेतील?" पुढे पाहिलं तर सगळी यादीच तशी. प्रत्येक पुस्तक भलत्याच माणसाच्या नावावर. सगळ्यात नव्या अडीचशे सभासदांची तर नावंच रिकामी येत होती. ते मला आधीच दिसलं होतं, पण 'नंतर बघू' म्हणून सोडलं होतं.

नशीब, स्मरणपत्रं पाठवली नव्हती. चूक कुठे झाली असेल?

डेटाकाका
एकच प्रश्न. सभासद टेबल भरताना जुना सभासद क्रमांक सोबत नेलात, की नव्या टेबलाला त्याचे त्याने क्रमांक द्यायला लावलेत?

दौत_टाक
काका, त्याचे त्याने. झालं असं की टेबल बनवताना क्रमांकाच्या रकान्याला 'जनरेटेड ऑलवेज अ‍ॅज आयडेंटिटी' (म्हणजे क्रमांक नेहमी डेटाबेसच देणार) असं निवडलं होतं. इन्सर्ट, म्हणजे ओळी भरायची कमांड, चालवल्यावर ते म्हणालं, या रकान्यात तुम्हाला किंमत घालता येणार नाही. म्हणून मी सीएसव्हीतून तो रकानाच उडवला. मग सुरळीत गेलं.

उंडगा_उंदीर
"मग सुरळीत गेलं." या धंद्यातलं सगळ्यात घातक वाक्य :)

डेटाकाका
मिळाली चूक. आता नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

जुन्या फाईलीत सर्वांत मोठा सभासद क्रमांक किती आणि ओळी किती ते बघा. पैजेवर सांगतो, दोन्हींत अडीचशेच्या आसपास फरक निघेल. वीस वर्षांत माणसं गेली, गाव सोडून गेली, कुणी त्यांच्या ओळी पुसल्या. अ‍ॅक्सेसचा ऑटोनंबर पुसलेला क्रमांक परत वापरत नाही, म्हणून मध्ये भोकं राहिली. पोस्टग्रेसने नव्याने मोजायला घेतलं तेव्हा भोकं बुजली आणि रांग पुढे सरकली. जुना ४१२ आता ३८७ झाला. देवघेव टेबलात मात्र अजून ४१२ लिहिलेलं आहे, आणि नवा ४१२ कुणी तिसराच आहे. भोकं बुजवून जो अडीचशेचा फरक पडला, तेवढे शेवटचे क्रमांक नव्या टेबलात अस्तित्वातच नाहीत, म्हणून ती नावं रिकामी.

नातं त्या रेषेत नसतं. रेषा ही फक्त नियमाची पाटी. नातं असतं ते दोन टेबलांत लिहिलेल्या त्या एका आकड्यात. तो आकडा एका बाजूने बदललात की संपलं, आणि डेटाबेसला त्याची गंधवार्ताही लागत नाही. तुम्ही फॉरेन की लावली असतीत तरी (म्हणजे 'इथला क्रमांक त्या दुसऱ्या टेबलात असलाच पाहिजे' हा नियम) तिने 'असा क्रमांक तिकडे आहे का' एवढंच पाहिलं असतं. तो माणूस तोच आहे का, हे तिला कळायचं कारण नाही.

तर: टेबल पुसा, पुन्हा भरा, जुन्या क्रमांकासकट. 'ऑलवेज'च्या जागी 'बाय डिफॉल्ट' (तुम्ही क्रमांक दिलात तर तो, नाहीतर त्याचा) करा. किंवा इन्सर्टऐवजी कॉपी कमांड वापरा, ती 'ऑलवेज' असलं तरी तुमचीच किंमत घेते. इन्सर्टच हवं असेल तर 'ओव्हररायडिंग सिस्टिम व्हॅल्यू' लिहावं लागतं.

आणि मूळ एमडीबी, म्हणजे त्या जुन्या डेटाबेसच्या, फाईलीची एक प्रत पेनड्राईव्हवर टाकून ती फक्त वाचण्यापुरती करून ठेवा. आज. आत्ता.

दौत_टाक
केलं. मोठा क्रमांक २९५१, ओळी २७०४. पैज जिंकलात.

विहिरीतला_बेडूक
एक बावळट प्रश्न. काकांच्या प्रतिसादात "फॉरेन की लावली असतीत" मध्ये 'की' म्हणजे चावी, आणि माझ्या डोक्यात अर्धा मिनिट "लावली असतीत की नसतीत" असं चाललं होतं. हिला मराठीत काही बरं नाव नाही का?

उंडगा_उंदीर
आमच्या कॉलेजात सर 'परकीय कळ' म्हणायचे. परीक्षेत एकाने तिची लक्षणं आणि उपचार लिहिले होते.

सातासमुद्र
(डब्लिनहून. इकडे नऊ वर्षं हेच काम करतो, बहुतेक एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या मोठ्या डेटाबेसवर.)

दौतताई, काकांचं बरोबरच आहे, पण आणखी एक तपासा. सीएसव्ही काढताना 'फॉर्मॅटिंगसह निर्यात' अशी खूण केली होती का? अ‍ॅक्सेसमध्ये लुकअप रकाना नावाची एक गोड फसवणूक आहे. टेबल उघडलं की रकान्यात लेखकाचं नाव दिसतं, पण आत साठवलेला असतो लेखक क्रमांक. फॉर्मॅटिंगसह काढलं तर दिसतं ते येतं, म्हणजे नाव. त्याशिवाय काढलं तर क्रमांक येतो. आपल्याला क्रमांक हवा. नाव आलं तर एकाच नावाचे दोन लेखक एकत्र होतील आणि ते पुन्हा कधी वेगळे करता येणार नाहीत.

दुसरं, सीएसव्ही मध्येच एक्सेलमध्ये उघडून 'सेव्ह' केलीत का? पुस्तकाचा दाखल क्रमांक (नोंदवहीतला) ००४१२ असा असेल तर तो ४१२ होतो. आणि १२/५ असा असेल तर तो १२ मे होतो. मी एकदा पूर्ण गोदामाचे मालाचे क्रमांक तारखांमध्ये बदललेले पाहिलेत.

दौत_टाक
अरे देवा. दोन्ही केलंय. पुस्तकांच्या टेबलात लेखकाचं नाव आलंय, मला वाटलं वा, किती छान, जोडायचं काम वाचलं. आणि एक्सेलमध्ये उघडून मी रकान्यांची रुंदीसुद्धा नीट केली होती.

डेटाकाका
रुंदी! सीएसव्हीला रुंदी नसते हो ताई.

बरं, हे सीएसव्हीचं हातकाम सोडाच. तुमच्याकडे लिनक्सचा एखादा संगणक असेल तर एमडीबी टूल्स नावाची मोफत साधनं आहेत, अ‍ॅक्सेस नसतानाही एमडीबी फाईल वाचतात. त्यातलं स्कीमा काढणारं साधन पोस्टग्रेससाठी टेबलांच्या व्याख्या लिहून देतं आणि त्यांखाली नातीही लिहितं. ही नाती अ‍ॅक्सेस एका लपलेल्या टेबलात ठेवतं, 'एमसिस-रिलेशनशिप्स' नावाच्या. कुठलं टेबल, कुठला रकाना, कुठे जोडलाय, सगळं तिथे ओळीने असतं. चित्रातल्या रेषा डोळ्यांनी मोजण्यापेक्षा तिथून घ्या.

मी_नाशिककर
एवढा कुटाणा कशाला? मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस घ्या, फॉरेन की चेक बंद करा, सगळं ओता, चेक परत चालू करा. दहा मिनिटांत काम. आमच्या ऑफिसात असंच करतो.

डेटाकाका
नाशिककर, तुमच्या ऑफिसातल्या डेटाची मला काळजी वाटायला लागली.

चेक परत चालू केल्यावर मायएसक्यूएल आधी भरलेल्या ओळी तपासतं असा समज असेल तर तो काढून टाका. ते मागे वळून बघतच नाही. बंद असताना जे घुसलं ते आत कायमचं, आणि वर फॉरेन कीची पाटी दिमाखात लटकलेली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. टेबलं जुन्या मायआयसॅम इंजिनवर (टेबलं साठवणारा आतला भाग) असतील तर त्याहून मजा, ते फॉरेन कीचं वाक्य निमूट वाचतं आणि सोडून देतं. फॉरेन की पाळणारं इनोडीबी इंजिन मायएसक्यूएल ५.५ पासून डिफॉल्ट झालं, पण वारसाहक्काने आलेले सर्व्हर अजून पुष्कळ आहेत.

सातासमुद्र
एसक्यूएल सर्व्हर निदान कबूल तरी करतो. कन्स्ट्रेंट (फॉरेन कीसारखा नियम) बंद करून पुन्हा नुसतं चालू केलं तर तो त्याच्यावर 'नॉट ट्रस्टेड' असा शिक्का मारतो. चालू करताना 'विथ चेक' असं वेगळं लिहिलं तरच जुन्या ओळी तपासतो. म्हणजे 'चेक' हा शब्द लागोपाठ दोनदा येतो. पहिल्यांदा लिहिताना मला टंकनदोष वाटला होता.

मी_नाशिककर
हे माहीत नव्हतं. उद्या ऑफिसात बघतो. (आणि बहुतेक पस्तावतो.)

विहिरीतला_बेडूक
पण मग भरायच्या क्रमाचं काय? आधी सभासद, मग देवघेव, एवढंच ना?

डेटाकाका
साधारणपणे हो. ज्याच्याकडे बोट दाखवायचं तो आधी, दाखवणारा नंतर. नाहीतर आधी कळस मग पाया. पण सात टेबलांत हे जमतं, सत्तरांत डोकं फिरतं. आणि जिथे टेबल स्वतःकडेच बोट दाखवतं तिथे क्रम लावून उपयोग नाही. ताई, तुमच्याकडे तसं आहे?

दौत_टाक
आहे. सभासद टेबलात 'कुटुंबप्रमुख' असा रकाना आहे. कौटुंबिक सभासदत्वात वडिलांच्या नावावर वर्गणी आणि बायकामुलांना त्यांचा क्रमांक जोडलेला. कधीकधी मुलगा आधी सभासद झाला आणि वडील चार वर्षांनी. म्हणजे प्रमुखाचा क्रमांक मोठा.

डेटाकाका
उत्तम उदाहरण. क्रमांकाच्या ओळीने भरायला गेलात की मुलगा वडिलांची वाट बघत दारात अडकणार. उपाय दोन. एक, फॉरेन की 'डिफरेबल' करून ती शेवटी, ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण होणाऱ्या कामांचा गट) संपताना तपासायला सांगणं. दुसरा, माझा आवडता: टेबलं उघडीबोडकी भरा, फक्त प्रायमरी की (प्रत्येक ओळीचा स्वतःचा ओळख क्रमांक) ठेवा, आणि सगळा डेटा आत आल्यावर एकेक फॉरेन की लावा. पोस्टग्रेसचा स्वतःचा बॅकअप काढणारा पीजी-डंपसुद्धा तेच करतो. आधी टेबलं, मग डेटा, मग सर्वात शेवटी इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) आणि फॉरेन की.

एकेक लावण्याचा फायदा असा की कुठली नाकारली जाते ते स्पष्ट दिसतं. नाकारली की हिरमुसू नका. तिथूनच खरं काम सुरू होतं.

दौत_टाक
तीन दिवसांनी परत आलेय.

भाच्याच्या लॅपटॉपवर एमडीबी टूल्स चालवलं. सातपैकी तीनच नाती फॉरेन की म्हणून लिहून आली. उरलेल्या चारांपाशी नुसती टीप: अमुक टेबलाचं तमुक टेबलाशी नातं आहे पण ते सक्तीचं नाही, अशा अर्थाची. मग अ‍ॅक्सेसची ती खिडकी पुन्हा उघडून पाहिली. तीन रेषांच्या टोकांना १ आणि आडव्या आठासारखं चिन्ह आहे. चार रेषा नुसत्याच, टोकं मोकळी. वीस वर्षं त्या चित्राकडे बघून आम्ही समजत होतो सगळं बांधलेलं आहे.

सक्तीची: पुस्तक–लेखक, पुस्तक–प्रकाशक, वर्गणी–सभासद. मोकळी: देवघेवीची दोन्ही, कुटुंबप्रमुख, आणि सभासद–गाव.

जुन्या क्रमांकांसकट सगळं भरलं. पाटीलआजोबांकडे आता दिवाळी अंक आहेत, जे असायला हवेत. पण देवघेव–सभासद फॉरेन की लावायला गेले तर पोस्टग्रेसने ठाम नकार दिला. मग लेफ्ट जॉइन करून (जोडी न सापडलेल्या ओळीही दाखवणारी जोडणी) सभासद न सापडणाऱ्या ओळी काढल्या. १,१३८ निघाल्या. पुसून टाकू का?

उंडगा_उंदीर
६१ हजारांत ११३८ म्हणजे दोन टक्केसुद्धा नाहीत. उडवा आणि चहा प्या.

कपाटवाली (ग्रंथपाल, निवृत्त)
थांबा, थांबा. काहीही उडवू नका.

मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते, ब वर्गाच्या वाचनालयात. दौत, त्या ११३८ ओळींत 'परत तारीख' रिकामी असलेल्या किती आहेत ते आधी बघ. ज्या सभासदाचं नाव कुणीतरी पुसलं त्याच्याकडे आमची पुस्तकं राहिलेली असू शकतात. ती ओळ पुसलीस की ते पुस्तक कपाटातही नाही आणि कुणाकडेही नाही. दाखल नोंदवहीत मात्र ते आहेच. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांची तपासणी आली की उत्तर कोण देणार? दाखल क्रमांक एकदा दिला की पुस्तक फाटलं, हरवलं, वाळवीने खाल्लं तरी तो दुसऱ्याला देत नाहीत. संगणकवाल्यांना जे आज कळतंय ते त्या लाल कापडी वहीत आधीपासून आहे.

दौत_टाक
कपाटवालीताई, बघितलं. परत तारीख रिकामी असलेल्या ९४ आहेत. अंगावर काटा आला.

डेटाकाका
कपाटवालीताईंना साष्टांग. मी हेच सांगणार होतो पण इतकं नेमकं जमलं नसतं.

अनाथ ओळींचं काय करायचं हा निर्णय संगणकाचा नाही, ज्याचा डेटा आहे त्याचा. तांत्रिक बाजू एवढीच: देवघेवीत 'जुना सभासद क्रमांक' असा एक साधा रकाना वाढवा, त्यात मूळ आकडा जसाच्या तसा ठेवा, आणि फॉरेन कीच्या रकान्यात नल, म्हणजे 'किंमत नाही' अशी खूण, टाका. नल असेल तर फॉरेन की अडवत नाही. माहिती गेली नाही आणि नियमही मोडला नाही.

सातासमुद्र
मी इथे काकांशी असहमत. नल म्हणजे पुढच्या प्रत्येक क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) लेफ्ट जॉइन लक्षात ठेवणं आलं. ताई विसरतील, थकीत यादीतून ती ९४ पुस्तकं गुपचूप गळतील. त्यापेक्षा सभासद टेबलात त्या पुसलेल्या क्रमांकांच्या पोकळ ओळी परत तयार करा. क्रमांक तोच, नाव 'रद्द सभासद', स्थिती 'रद्द'. सगळं बिनतक्रार जोडलं जाईल, आणि जुन्या वहीत नाव सापडलं तर भरताही येईल.

डेटाकाका
आणि मग वार्षिक अहवालात सभासदसंख्या फुगणार. अनुदानाच्या कागदावर 'रद्द सभासद' नावाची दीडशे माणसं गेली तर?

सातासमुद्र
स्थितीवर गाळणी लावायची.

डेटाकाका
तीही विसरतील.

कपाटवाली
भांडू नका रे. आमच्याकडे रद्द सभासदाचं कार्ड फाडत नसू, वेगळ्या खोक्यात ठेवत असू. डब्लिनवाल्याचं मला पटतंय. आणि दौत, वाचनालयात जुन्या सभासद नोंदणीच्या वह्या असतील बघ, माळ्यावर.

दौत_टाक
माळ्यावर आहेत. पोकळ ओळींचा मार्ग घेते. काका, रागावू नका.

आता दुसरं कोडं. वर्गणी–सभासद हे नातं सक्तीचं होतं, तिथे एकही अनाथ ओळ नाही. फॉरेन की पहिल्या फटक्यात लागली. निदान एक तरी टेबल स्वच्छ निघालं म्हणायचं ना?

डेटाकाका
रागावलो नाही. पण त्या स्वच्छतेचाच मला संशय येतोय. खिडकीतल्या त्या रेषेवर दोनदा टिचकी मारा आणि 'कॅस्केड डिलीट'वर खूण आहे का सांगा.

दौत_टाक
आहे.

डेटाकाका
मग सभासद पुसताना त्याच्या सगळ्या वर्गणीच्या नोंदी त्याच्यासोबत सती गेल्या. अनाथ कुणी उरलंच नाही, कारण घरच्या घर संपलं. पावतीपुस्तकाशी जुळवून बघा, जमा रक्कम कमी भरेल.

नवीन ठिकाणी नातं जपायचं म्हणजे त्याचा हा स्वभावही जपायचा असं नाही. तिथे 'रिस्ट्रिक्ट' ठेवा. ज्याच्या नावावर वर्गणी किंवा देवघेव आहे तो सभासद पुसताच येऊ नये. रद्द करायचा तर स्थिती बदला.

दौत_टाक
२०११–१२ ची पावतीपुस्तकं काढून पाहिली. ४,३२० रुपये कमी. वाणिज्याची शिक्षिका असून वीस वर्षं माझ्या नाकाखाली. वह्यांवरून परत भरायला घेतलंय.

विहिरीतला_बेडूक
आणि गावांचं नातं? त्याबद्दल कुणीच बोललं नाही.

दौत_टाक
ते सगळ्यात वाईट आहे म्हणून टाळत होते. सभासद टेबलात गावाचा क्रमांक नाहीच, गावाचं नावच लिहिलंय आणि रेष नावाला नाव जोडून काढलीय. आमच्या बाजूला एकच गाव कराड, कऱ्हाड, क-हाड असं तीन तऱ्हांनी लिहितात. ते तर दिसतं. पण जिथे दोन्हीकडे 'कऱ्हाड'च आहे तिथेही काही ओळी जुळत नाहीत. छापून एकावर एक ठेवून पाहिलं. काना-मात्रेचाही फरक नाही.

सातासमुद्र
सभासदांची यादी आधी जुन्या फॉन्टमध्ये होती का? आणि गावांची नंतर कुणी हाताने टंकली?

दौत_टाक
अगदी तसंच. सभासद जुन्या फॉन्टमधून कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणले. गावं मी मोबाईलवर टंकली.

सातासमुद्र
मग तो आपला मराठीचा खास 'ऱ्ह' आहे. पडद्यावर एकच दिसणारं हे अक्षर आत दोन वेगळ्या तऱ्हांनी लिहिता येतं. एक, खाली टिंब असलेला नुक्तावाला 'ऱ', मग हलंत, मग 'ह'. दुसरी जुनी पद्धत: साधा 'र', हलंत, त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात, आणि मग 'ह'. आपल्या डोळ्यांना सारखं, डेटाबेसला दोन वेगळे शब्द.

पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाईज फंक्शन आहे. ते वापराच, कारण 'ऱ' एकसंध आणि 'र' अधिक नुक्ता हा फरक ते मिटवतं. पण जॉइनरवाली जोडी ते मिटवत नाही. ती तुम्हाला स्वतः बदलावी लागेल: र, हलंत, जॉइनर या तिघांच्या जागी ऱ आणि हलंत. दऱ्या, तऱ्हा, वाऱ्यावर, सगळीकडे हेच.

उंडगा_उंदीर
म्हणजे एवढ्या वर्षांत टेबलांच्या नात्यात बिब्बा घातला तो डोळ्यांनी न दिसणाऱ्या जोडचिन्हाने. जोडचिन्हाने तोडलं!

डेटाकाका
आणि म्हणून नावावर नातं बांधू नये. गावांना क्रमांक द्या. सभासद टेबलात 'गाव क्रमांक' असा नवा रकाना करा. मध्ये एक जुळणीचं टेबल ठेवा: डावीकडे सभासदांत सापडलेली प्रत्येक वेगळी लिखावट, उजवीकडे खरा गाव क्रमांक. ते हाताने भरा, शे-दोनशे ओळी असतील. मग त्यावरून क्रमांक भरून घ्या. ते टेबल नंतरही फेकू नका, कुणी विचारलं 'हा सभासद कराडचा कसा ठरवला' तर दाखवायला हवं.

कपाटवाली
दौत, मध्येच विचारते, तू कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली का घेत नाहीस? न्यूझीलंडच्या एका वाचनालयाने करून घेतलेली, मोफत आहे, आपल्याकडे कितीतरी कॉलेजांत चालते. देवघेव, दंड, सगळं आयतं.

दौत_टाक
ताई, विचार केला होता. पण सर्व्हर सांभाळायला माणूस नाही आणि समितीला तोच जुना दोन बटणांचा फॉर्म हवाय. शिवाय कोहाही स्वतःचेच ग्रंथ क्रमांक देते ना, मग हाच गोंधळ पुन्हा.

कपाटवाली
देते, पण त्याने बिघडत नाही. प्रत्येक प्रतीच्या बारकोडच्या जागी, म्हणजे प्रतीच्या नोंदीतल्या ९५२ या क्षेत्राच्या पी उपक्षेत्रात, आपला दाखल क्रमांक टाकायचा आणि सभासदाच्या कार्ड क्रमांकात जुना सभासद क्रमांक. आतले क्रमांक तिचे तिने काहीही द्यावेत, आपण ओळखीच्या आकड्याने शोधायचं. आमच्या गावच्या कॉलेजच्या ग्रंथालयाने असंच केलं. असो, पुढे कधी जायचं झालं तर लक्षात ठेव.

डेटाकाका
हे वाक्य चौकटीत लावण्यासारखं आहे. जुना क्रमांक प्रायमरी की म्हणून नेता येत नसेल तर निदान शेजारच्या रकान्यात तरी न्यायचाच. तोच पूल.

दौत_टाक
दहा दिवसांनी. सातपैकी सहा फॉरेन की लागल्या. काल पहिल्यांदा नवीन सभासद नोंदवायला गेले आणि एरर: क्रमांक १ आधीच आहे. रडायचीच बाकी होते.

सातासमुद्र
सिक्वेन्स (पुढचा क्रमांक देणारं मोजणीयंत्र) पुढे सरकवायचा राहिला. तुम्ही क्रमांक हाताने भरलेत, त्या मोजणीयंत्राला पत्ताच नाही, ते एकपासूनच सुरू होणार. सेटव्हॅल फंक्शनने त्याला सर्वांत मोठ्या क्रमांकावर नेऊन ठेवा. सहाही टेबलांसाठी. (पुस्तकांना दाखल क्रमांक तुम्ही हाताने देणार, तिथे नको.) आणि देवघेवीतल्या सभासद क्रमांकावर इंडेक्स घाला, मायएसक्यूएलसारखा पोस्टग्रेस फॉरेन कीसोबत आपोआप घालत नाही.

दौत_टाक
झालं. नोंदणी झाली, क्रमांक २९५२. एका सहावीतल्या मुलीचा.

पडताळणीसाठी दोन्हीकडे एकच क्वेरी चालवली: प्रत्येक सभासद, त्याच्या नावावरच्या देवघेवी किती, पहिली कुठली, शेवटची कुठली. दोन्ही याद्या जुळल्या, फक्त रद्द सभासद जास्त. शिवाय ग्रंथपालबाईंनी स्वतः तीस वाचक कार्डं खोक्यातून काढून एकेक ताडून पाहिली. त्या क्वेरीवर त्यांचा काडीचा विश्वास नाही.

मी_नाशिककर
ताजा कलम: ऑफिसात बघितलं. ग्राहक नसलेली बिलं आहेत. किती ते इथे लिहीत नाही.

दौत_टाक
:) सातवं नातं गावांचं. जुळणीच्या टेबलात १७३ लिखावटी निघाल्या, त्यांतल्या १६८ लावल्या. उरलेल्या पाचांत नुसतं 'मळा' लिहिलंय. आमच्याकडे प्रत्येक गावाला मळा आहे. त्या सभासदांना फोन करतेय, दोघांचे लागले. आणि माळ्यावरच्या वह्यांतून ९४ पैकी ३७ पुस्तकं कुणाकडे होती त्यांची नावं मिळाली.

कपाटवाली
पत्रं पाठव. दंड मागू नकोस, नुसतं पुस्तक माग. येतात परत.

सुतळी_बॉम्ब
छान धागा. माझाही असाच प्रश्न आहे. आमच्या सोसायटीचा हिशेब एक्सेलच्या चौदा फाईलींत आहे, फ्लॅट क्रमांक काही ठिकाणी 'बी-३०२', काही ठिकाणी '३०२ बी' आणि एका ठिकाणी 'कुलकर्ण्यांच्या वरचा'...

डेटाकाका
नवा धागा काढा. आणि त्या चौदा फाईलींची प्रत आधी पेनड्राईव्हवर टाका.